वहीचा दुसरा वाचक

आज १ मे. सकाळी झेंडावंदन, मग वर्गशिक्षिकेच्या हातून प्रगतिपुस्तक, मग घरी जाताना वाटेत बर्फाचा गोळा. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या मनात राज्याचा स्थापना दिन बसला आहे तो निकालाचा दिवस म्हणून. निकालानंतर घरोघरी एक विधी होतो, त्याची नोंद मात्र कुठल्याच दिनदर्शिकेत नसते. दप्तर उलटे केले जाते. आई किंवा आजोबा वर्षभराच्या वह्या पुढ्यात घेऊन बसतात, प्रत्येक वहीतली मागची कोरी पाने अलगद सोडवतात, ती दाभणाने शिवतात आणि पुढल्या वर्षाची कच्ची वही तयार होते. उरलेली, म्हणजे लिहिलेली पाने रद्दीवाल्याच्या तराजूत जातात.

काटकसर म्हणून यात काही वावगे नाही. अशा शिवलेल्या वहीवर गणिते सोडवून मोठे झालेले कित्येक जण हा मजकूर वाचत असतील. पण हिशेब विचित्र आहे खरा. जे पान कोरे राहिले ते राखण्याजोगे आणि जे मुलाने लिहून भरले ते किलोच्या भावाने. याचे कारण शोधायला लांब जायला नको. त्या लिखाणाला अख्ख्या जगात एकच वाचक होता. बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केली, खाली तारीख टाकून सही केली, की त्या पानाचे आयुष्य संपले. 'कारणे द्या'चे तेच, निबंधाचे तेच, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेचे तर बोलायलाच नको. आपला विद्यार्थी पहिलीपासून पदवीपर्यंत हजारो पाने लिहितो, पण आपले पान वाचून दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला काही समजावे, या हेतूने त्याने लिहिलेले पान त्यात सहसा सापडत नाही.

आजच्या तारखेला आणखी एक वाढदिवस चिकटलेला आहे. २००३ सालच्या १ मे रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत हा खुला ज्ञानकोश आज लाखभर लेखांच्या आसपास पोचला आहे, आणि तो वाहणारे खांदे मोजके आहेत. या प्रकल्पातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ती म्हणजे तिथली भाषा. सगळ्यांनी जमून वादविवाद करण्याच्या पानाला तिथे 'चावडी' म्हणतात आणि नवख्याने बिनधास्त गिरवून पाहण्याच्या पानाला 'धूळपाटी'. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर धूळ पसरून मुले काडीने अक्षरे काढत, चुकले की हात फिरवून पुसत. पुसण्याची लाज नव्हती, कारण पाटी त्यासाठीच होती. पुढे कागद आला, खाडाखोड केली की गुण कापणारे आले, आणि चुकत चुकत लिहिण्याची ती मोकळीक गेली. ती परत आली ती थेट संगणकाच्या पडद्यावर.

निकालाचा दिवस आणि विकिपीडियाचा वाढदिवस एकाच तारखेला यावा हा निव्वळ योगायोग. आम्ही त्याचा फायदा घेऊन एक मागणी पुढे ठेवतो आहोत. विद्यार्थ्यांनी आपले शिकण्याचे साहित्य आपणच, मिळून आणि उघड्यावर तयार करावे. धडे, टिपणे, सोडवलेली उदाहरणे, प्रयोगांच्या चित्रफिती, शब्दार्थ, नकाशे, सगळे. यामुळे पुस्तकांचा खर्च वाचेल म्हणून ही मागणी नाही. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवर पीडीएफ रूपात फुकट मिळतातच. मराठीची सेवा घडेल म्हणूनही नाही, ती घडली तर बरेच आहे. मागणी आहे ती एवढ्यासाठी, की ज्याला आपण पाहिलेले नाही अशा दुसऱ्या मुलाला समजावे म्हणून लिहायला बसले, की आपल्याला काय समजलेले नाही ते पहिल्या तीन ओळींतच उघडे पडते. परीक्षकासाठी लिहिताना ते झाकता येते. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याला नुसती खूण पटवायची असते.

कुणी म्हणेल, मुले एकमेकांना मदत करतातच की. करतात. कुठल्याही महाविद्यालयाच्या फाटकासमोरचे झेरॉक्सचे दुकान परीक्षेच्या आठवड्यात पाहावे. वर्गातल्या एका सुवाच्य अक्षराच्या मुलीची वही तिथे शंभर हातांत जाते. आता तिची जागा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या पीडीएफने घेतली आहे, टेलिग्रामवर तर सिनियरांच्या सिनियरांची टिपणे फिरतात. हे सहकार्यच आहे आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. गाईड आणि 'अपेक्षित' विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांची पदवी त्यावर उभी आहे. पण या वाटपात एक उणीव आहे. त्या मुलीने सूत्रात एखादे चिन्ह चुकवले असेल, तर ती चूक शंभर वह्यांत जशीच्या तशी उतरते आणि पुढल्या वर्षी पुन्हा छापली जाते. झेरॉक्सला दुरुस्ती माहीत नाही. सगळे घेतात, कुणी त्यात भर घालत नाही, कुणी 'हे चुकले आहे' असे समासात लिहून परत पाठवत नाही.

मिळून लिहिणे म्हणजे काय, याचे आम्हाला ठाऊक असलेले सर्वांत सुंदर उदाहरण इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहे, आणि तेही निकालाशीच निगडित आहे. इटलीत तस्कनीच्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती. दोन-चार घरे, एक चर्च. १९५४ मध्ये लोरेन्झो मिलानी नावाच्या तरुण पाद्र्याची तिथे रवानगी झाली. चर्चच्या वरिष्ठांना तो गैरसोयीचा वाटत होता, हे उघड गुपित होते. त्याने आसपासच्या शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेने नापास करून घरी बसवलेल्या मुलांसाठी शाळा काढली. मोठी मुले लहानांना शिकवत. यातली काही मुले पुढे शिक्षक होण्यासाठी परीक्षेला बसली आणि नापास झाली. तेव्हा आठ जणांनी मिळून, त्यांना नापास करणाऱ्या बाईंना एक पत्र लिहायला घेतले. ते लिहिण्यात वर्षभर गेले आणि १९६७ च्या मे महिन्यात ते पुस्तकरूपाने बाहेर आले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले आणि इथल्या शिक्षणप्रेमींच्या कपाटात त्याने हक्काची जागा मिळवली.

पत्रात काय आहे ते वाचकांनी वाचावे. आम्हाला इथे सांगायचे आहे ते त्यांच्या लिहिण्याच्या रीतीबद्दल. ती त्यांनी त्या पत्रातच नोंदवून ठेवली आहे. प्रत्येकाच्या खिशात एक छोटी वही. सुचेल ते त्यात टिपायचे, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा आणि कागदाच्या एकाच बाजूला. मग एके दिवशी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दुबार आलेल्या काढून टाकायच्या. एकमेकींशी नाते असलेल्या एकत्र ठेवून गठ्ठे करायचे, ती झाली प्रकरणे. गठ्ठ्यांतून पुन्हा छोटे गठ्ठे, ते झाले परिच्छेद. मग पहिला खर्डा, मग कात्री, डिंक आणि रंगीत पेन्सिली. मग खरी चुरस सुरू: कुणाला कुठला शब्द वगळता येतो? कुठले विशेषण फालतू आहे? कुठले वाक्य दोन गोष्टी एकदम सांगू पाहते? शेवटी बाहेरच्या माणसांना वाचायला द्यायचे, शक्यतो फार न शिकलेल्यांना, आणि त्यांना जे कळले नाही ते बदलायचे.

विकीच्या पानावर आज जे घडते, त्यातले यात काय नाही? मुद्द्यागणिक भर, दुबार मजकूर काढणे, विभाग पाडणे, शब्दाशब्दावर झगडा, अनोळखी वाचकाची कसोटी. फक्त सर्व्हर नव्हता. टेबल होते. तंत्रज्ञान आल्यामुळे विद्यार्थी लेखक होतात, अशी एक भाबडी समजूत शिक्षणखात्यांच्या परिपत्रकांत डोकावते. स्मार्ट बोर्ड भिंतीवर आला तरी त्यावर तयार चित्रफीतच दाखवली जाते, हे आपण पाहतोच. बार्बियानाच्या मुलांकडे होते ते वेगळेच काही: त्यांना खरोखर कुणाला तरी काहीतरी सांगायचे होते.

त्याआधी चाळीस वर्षे फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने नावाच्या मास्तराने वर्गात छपाईयंत्र आणले, ते १९२४ साली. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती, फार वेळ बोलवत नसे. बोलून शिकवता येत नाही म्हणून मुलांनी लिहावे, खिळे जुळवावेत, छापावे आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना टपालाने धाडावे, असा तोडगा त्याने काढला. १९३२ पासून त्याच्या चळवळीतल्या शाळांनी मिळून छोट्या माहितीपुस्तिकांची मालिका काढली, तीही ठरावीक पाठ्यपुस्तकाला पर्याय म्हणून. मास्तरांचा दम अपुरा पडला, त्यातून हे सारे निघाले.

आपल्याकडे तर याहूनही जुना दाखला आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो वहीत राहिला असता तर आज कुणाला माहीत झाला असता? 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला, आणि एका शाळकरी मुलीचे लिखाण मराठी गद्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. शाळेच्या निबंधाला दुसरा वाचक मिळाला, तर काय होऊ शकते ते पाहायला यापुढे जायची गरज नाही.

आता जालावरच्या गोष्टींकडे. २००८ च्या सुरुवातीला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझली-मरे या प्राध्यापकाने लॅटिन अमेरिकन साहित्याच्या वर्गाला नेहमीचा निबंध सांगितला नाही. अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्यांवर आणि लेखकांवर विकिपीडियात लेख लिहा, असे सांगितले. लेख तिथल्या सर्वोच्च 'फीचर्ड' दर्जाला पोचला तर त्या गटाला ए प्लस. सत्र संपल्यावर हिशेब झाला तेव्हा तीन लेखांना तो दर्जा मिळाला होता, त्यात आस्तुरियास यांच्या 'एल सेन्योर प्रेसिदेन्ते' या कादंबरीवरचा लेख होता, आणि आणखी आठ लेख त्याखालच्या पायरीवर पोचले होते. ही फळे प्राध्यापकाच्या हुशारीची जितकी, तितकीच तिथल्या अनोळखी स्वयंसेवक संपादकांची. त्यांनी मुलांचे लेख पुन्हा पुन्हा परत पाठवले. याला आधार काय? हे वाक्य कुणाचे? इथे काय म्हणायचे आहे? परीक्षकाने गुण कापले तर विद्यार्थी खांदे उडवून पुढे जातो. इथे पान समोर अर्धवट लटकत राहते आणि ते नीट करण्यावाचून सुटका नसते.

हे वाचून कुणालाही वाटेल, आपणही करू. आपण केले होते. पुण्यातच केले होते, आणि ते फसले. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने भारतातला शैक्षणिक उपक्रम पुण्यातल्या काही महाविद्यालयांत सुरू केला. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र अशा विषयांच्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियात लेख लिहायचे, त्याचे अंतर्गत गुण मिळायचे, अशी योजना. जून-जुलैत गाजावाजा झाला. सत्र अर्धे होईपर्यंत जगभरचे संपादक हैराण झाले होते, कारण पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर जसाच्या तसा, परिच्छेदच्या परिच्छेद, लेखांत येऊन पडत होता. एक काढावा तर दहा येत. बजावले तरी येत. कॉपीराइटचा भंग इतका झाला, की वर्ष संपण्याआधीच तो प्रयोग गुंडाळावा लागला. तो पसारा निस्तरण्याचे काम स्वयंसेवकांना पुढेही पुरले.

या प्रकरणावरून भारतीय विद्यार्थ्यांवर तेव्हा बरीच टीका झाली, तीत थोडा तुच्छतेचा वासही होता. आपल्याकडे दुसरे टोक गाठले गेले: विषयच टाळला गेला. आमच्या मते त्या मुलांनी लबाडी केली असे म्हणणे अर्धेच खरे आहे. त्यांनी तेच केले, जे त्यांना बारा वर्षे 'अभ्यास' म्हणून शिकवले गेले होते. व्याख्या शब्दशः लिहिली तर पूर्ण गुण, आपल्या शब्दांत लिहिली तर 'पुस्तकातली लिही' असा शेरा. अकरावी-बारावीच्या पर्यावरण प्रकल्पाचे पाहा. प्रस्तावना, उद्दिष्टे, विश्लेषण, निष्कर्ष, सगळे तयार मिळते. नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा आपला. शिक्षकही तो उघडून पाहत नाहीत, वजनावर गुण देतात, असे विद्यार्थी म्हणतात, आणि त्यात विनोद किती आणि सत्य किती हे सांगणे कठीण आहे. नक्कल करणे हाच जिथे नीटनेटकेपणा मानला जातो, तिथून आलेल्या मुलाला एके दिवशी अचानक सांगायचे की आता आपल्या शब्दांत, आधार देऊन, परक्या भाषेत, जगासमोर लिही! त्यातच बहुतेक प्राध्यापकांनाही ते माध्यम नवीन होते. पोहायला न येणाऱ्याने किनाऱ्यावरून पोहणे शिकवावे तसे ते झाले.

म्हणून त्या फसलेल्या प्रयोगातून 'आपल्याकडे हे चालायचे नाही' असा निष्कर्ष काढणे आम्हाला मान्य नाही. दुसरा निष्कर्ष निघतो. सुरुवात लेखापासून करू नये, आणि इंग्रजीपासून तर नाहीच.

मग कशापासून करावी? पवईला आयआयटी मुंबईत गेली कित्येक वर्षे चाललेल्या एका कामाकडे पाहावे. सरकारच्या निधीतून चालणाऱ्या 'फॉसी' या प्रकल्पात देशभरचे विद्यार्थी एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक निवडतात आणि त्यातली सगळी सोडवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्याने सोडवून दाखवतात. तपासणी होते, मानधन मिळते आणि ती उत्तरे सर्वांना खुली होतात. अशी शेकडो पुस्तकांची जोड आज उभी आहे. इथे नक्कल करायला वावच नाही: प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. 'टेक्स्टबुक कंपॅनियन' हे नाव भारदस्त असले तरी मूळ काम आपल्या ओळखीचे आहे, पुस्तकाच्या समासात स्वतः सोडवून पाहिलेले गणित. फरक एवढाच, की तो समास आता सगळ्यांना दिसतो.

तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची एक पायरी तर प्रत्येक शाळेने उचलावी अशी आहे. दहाएक मिनिटांचा धडा ध्वनिमुद्रित करण्याआधी त्याची संहिता एखाद्या नवख्या माणसाकडे जाते. ज्याला तो विषय अजिबात येत नाही, तो ती वाचून एकेक पायरी करून पाहतो. तो जिथे अडेल तिथे चूक संहितेची, त्याची नव्हे. आपल्या वर्गात नेमके उलटे असते: अडला तो 'ढ'. सहावीच्या मुलांनी अपूर्णांकांवर एक पान लिहावे आणि ते पाचवीच्या मुलाला वाचायला द्यावे. तो जिथे अडखळेल तिथे बोट ठेवायचे. वर्गातला सर्वांत कच्चा विद्यार्थी या कामात सर्वांत उपयोगी ठरतो. असा मान त्याला शाळेत दुसऱ्या कुठल्या कामात मिळतो?

त्याहून सोपी पायरी विकिस्रोताची, म्हणजे विकिपीडियाच्या ग्रंथालय-भावंडाची. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचे साहित्य २०११ पासून खुले आहे. अशा जुन्या पुस्तकांची छायाचित्रित पाने विकिस्रोतावर चढवली जातात आणि शेजारी टंकलिखित मजकूर दुरुस्त केला जातो. एकाने तपासले की पान पिवळे होते. हिरवे व्हायला दुसरा माणूस लागतो. पहिल्याला स्वतःचेच काम हिरवे करता येत नाही. शुद्धलेखनाच्या कंटाळवाण्या तासाला यापरता चांगला पर्याय आम्हाला तरी माहीत नाही. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचे, छापील पानाशी पडताळायचे, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीने ते पुन्हा पडताळायचे. इथे जशीच्या तशी नक्कल करणे हाच धर्म आहे! म्हणजे आपल्या मुलांना जे चांगले येते त्याचाच उपयोग होतो, आणि नक्कल कुठे करायची व कुठे नाही हा फरकही हाताला कळतो.

स्वतःच्या लिखाणाची पाळी त्यानंतर. आणि इथे मराठी शाळांमधल्या सेमी-इंग्रजीच्या मुलांकडे एक दौलत आहे, जिच्याकडे सगळे अडचण म्हणून पाहतात. गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकीचे मराठीत शिकणाऱ्या या मुलाला 'फोटोसिंथेसिस' वर्गात कळते आणि 'प्रकाशसंश्लेषण' शेजारच्या मराठी तुकडीच्या पुस्तकात दिसते. 'डिनॉमिनेटर' म्हणजे छेद, 'एलसीएम' म्हणजे लसावि, हे त्याच्या आईला येते, त्याला येत नाही; त्याला येते ते आईला येत नाही. घरोघरी गृहपाठाच्या वेळी होणारे भांडण याचेच आहे. या मुलांनी दोन्ही शब्द शेजारी ठेवून, साध्या वाक्यांत, एकेका संकल्पनेचे पान लिहिले, तर ते वाचायला पालकही येतील. तज्ज्ञांचे परिभाषा कोश आहेत, पण कोशात शब्दाला शब्द मिळतो. सहावीच्या मुलाला सहावीच्या मुलाने सांगितलेला अर्थ तिथे मिळत नाही.

कोशांवरून आठवले. केतकरांनी भागभांडवल गोळा करून, दारोदार वर्गणीदार मिळवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत विश्वकोश उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. मराठीला ज्ञानकोशांची भूक नवी नाही. मात्र हे सगळे वरच्या मजल्यावरचे काम होते, आणि खालून वर जायला जिना कुणी बांधला नाही. तो जिना वरच्यांना बांधता येतही नसतो. पायरी किती उंच असावी हे नुकतेच चढून आलेल्यालाच ठाऊक असते.

आक्षेप येतील. मुले चुकीचे लिहितील. लिहितीलच, छापील गाईडमध्येही चुका असतात, फक्त तिथे 'बदला' हे बटण नसते. मोबाइल सगळ्यांकडे नाही. बरोबर. २०२० च्या टाळेबंदीत एका फोनवर तीन भावंडांनी कसे शिकायचे हा प्रश्न घराघराने पाहिला. पण इथे प्रत्येकाच्या हातात यंत्र लागत नाही. टेबल आणि चिठ्ठ्या लागतात. टंकायला वर्गाला एक संगणक पुरतो. मुलांची नावे आणि छायाचित्रे जालावर जाऊ नयेत हा आक्षेप मात्र पूर्ण मान्य. वर्गाचे एक टोपणनाव, एवढीच ओळख बाहेर दिसावी, नाहीतर उपक्रमापेक्षा उपक्रमाचे फोटो जास्त होतात.

सर्वांत ताजा आक्षेप निराळाच आहे. हे सगळे आता यंत्र लिहून देते, मग मुलांनी कशाला शिणावे? चॅटबॉटला विचारले की दहा सेकंदांत पान तयार, तेही शुद्ध मराठीत. आमचे उत्तर असे, की यंत्राने लिहिलेल्या पानाला पहिलाच वाचक नीटसा मिळत नाही, दुसऱ्याची गोष्ट दूरच. ज्याने ते मागवले तोही ते वाचत नाही, पुढे ढकलतो. पुण्यात २०११ मध्ये जे पुस्तकांतून उचलून आणावे लागत होते, ते आता नव्याने घडवून मिळते, एवढाच फरक. वर्गात यंत्र वापरायचेच असेल तर त्याचा खर्डा टेबलावर मांडावा आणि मुलांनी रंगीत पेन्सिली घेऊन त्यावर बसावे: हे खरे का? कुणी सांगितले? हा शब्द आपल्याकडे असाच वापरतात का?

आता गुणांचा मुद्दा. गुण नसले तर आपल्याकडे काही हलत नाही हे कडू असले तरी खरे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागासाठी श्रेयांक ठेवले आहेत. त्यांच्या फायली कुठे जाणार हे वेगळे सांगायला नको. शिवलेल्या वहीइतकाही त्यांचा पुनर्वापर होणार नाही. तालुक्यातल्या एखाद्या नदीवर, बाजारावर, पिकावर नीट आधार देऊन लिहिलेले एक मराठी पान त्या श्रेयांकांसाठी धरायला विद्यापीठांची हरकत असू नये. दरवर्षी भाषा पंधरवड्यात विकिपीडियाच्या कार्यशाळा भरतात. त्यांत पाहुण्यांचे स्वागत होते, सभागृहभर खाती उघडली जातात, प्रत्येक जण एक-दोन वाक्ये लिहितो, समूहछायाचित्र निघते. त्यातली बरीच खाती त्या दुपारनंतर पुन्हा उघडली जात नाहीत. एका दिवसाच्या सोहळ्याऐवजी वर्षभर आठवड्याचा एक तास मिळाला तर आम्ही समूहछायाचित्रावर पाणी सोडायला तयार आहोत.

आजपासून मुलांना सुटी आहे, तेव्हा एवढे करून पाहता येईल. वह्या रद्दीत घालण्याआधी मुलाने त्यांतून एकच पान निवडावे. वर्षभरात त्याला सर्वांत अवघड गेलेल्या आणि शेवटी कळलेल्या गोष्टीचे. ती गोष्ट त्याने पुढल्या वर्षी त्या वर्गात येणाऱ्या मुलासाठी पुन्हा लिहावी, त्याच्या ताईने वाचून कुठे अडते ते सांगावे, मग घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून ते धूळपाटीवर उतरवावे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा ते पान तिथे असेल किंवा कुणी पुसलेलेही असेल, धूळपाटी आहे ती. कदाचित पानाचा 'इतिहास' उघडल्यावर असेही दिसेल, की मे महिन्यातल्या एका रात्री कुणी अनोळखी माणूस तिथे येऊन गेला, आणि 'त्रिज्या'ची चुकून दीर्घ पडलेली वेलांटी ऱ्हस्व करून गेला.